पाहणीची रीत कशी निवडावी ?

संघाच्या सभांतून हल्लीं एक ठराव वरचेवर पास होतो: "अमुक गोष्टीची पाहणी करण्यांत यावी." ठरावास विरोध कोणीच करीत नाहीं. लगेच एक प्रश्नपत्रिका तयार होते, ती छापली जाते, गांवोगांव धाडली जाते. महिन्या-दोन महिन्यांनीं जे कागद परत येतात त्यांची बेरीज होते, आणि ती बेरीज अहवालांत छापून निघते. या सर्व खटाटोपांत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं. तो हा कीं, जी गोष्ट आपणांस कळावयास पाहिजे आहे, ती छापील प्रश्न विचारून कळण्यासारखी आहे काय ? हा प्रश्न आधीं न विचारल्यामुळें काय होतें, याचा धडा आमच्या संघास स्वतःच्या खर्चानें मिळालेला आहे. तो येथें प्रांजळपणें सांगून, पाहणीची रीत कशी निवडावी याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कांद्याच्या चाळीची गोष्ट

रब्बीचा कांदा चैत्र-वैशाखांत निघतो आणि बरा भाव येईपर्यंत, म्हणजे बहुधा भाद्रपद-आश्विनापर्यंत, चाळींत राहतो. या मुदतींत त्याची नासाडी किती होते हें पाहून, चाळी सुधारण्यासाठीं सभासदांस कर्ज द्यावें कीं काय, असा प्रश्न कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या कार्यकारी मंडळापुढें आला होता. आम्हीं दिवाळीच्या सुमारास एक छापील पत्रक सर्व सभासदांकडे पाठविलें. त्यांत मुख्य प्रश्न एकच होता: "आपल्या चाळींतील कांदा शेंकडा किती वाया गेला ?" पत्रकें परत आलीं तीं थोडींच, पण जीं आलीं त्यांवरून नासाडी अगदीं बेताची दिसली. मंडळानें समाधान मानलें आणि कर्जाचा विचार पुढें ढकलला. पुढच्या वर्षीं पावसाळा दमट गेला. श्रावणांत चाळी उघडल्या तेव्हां कित्येक सभासदांच्या कांद्याजवळ उभें राहवेना. ज्या लहान खातेदारांस त्या कर्जाची खरी गरज होती, त्यांनींच आमच्या चुकीची किंमत भरली.

मागाहून चौकशी करतां तीन दोष उघडकीस आले. पहिला असा कीं, पत्रक भरून देणारे बहुतेक सभासद कचेरींत नेहमीं येणारे, बऱ्या स्थितींतले आणि हवेशीर चाळ बांधलेले होते. ज्यांचा कांदा गोठ्याच्या कोपऱ्यांत किंवा बांधावर पाचटाखालीं ढिगानें पडला होता, त्यांनीं पत्रक परत केलेंच नव्हतें. दुसरा दोष असा कीं, कांदा चाळींत भरतांना कोणींच तोलला नव्हता. विकला तेवढाच काय तो तोलला गेला. मग "शेंकडा किती" या प्रश्नाचें उत्तर अंदाजावांचून दुसरें काय येणार ? तिसरा दोष शब्दाचा होता. सडून उकिरड्यावर फेकला तेवढाच कांदा "वाया गेला", असा अर्थ सभासदांनीं घेतला. परंतु साठवणींतील घट तीन प्रकारची असते: कांद्यांतील पाणी उडून वजन कमी होतें, कांद्यास कोंब फुटतात, आणि कांदा सडतो. पहिल्या प्रकारची घट डोळ्यांस दिसत नाहीं; ती तराजूसच कळते.

सभासदांनीं खोटें सांगितलें नव्हतें. जें तराजूस विचारावयाचें तें आम्हींच त्यांच्या स्मरणास विचारलें होतें.

उत्तराचा ठाव

यावरून आम्ही जो नियम शिकलों तो असा: रीत ठरविण्यापूर्वीं, हवें असलेलें उत्तर मुळांत कोठें वसत आहे याचा ठाव काढावा. शेतीच्या बाबतींत असे ठाव बहुधा चार असतात. कांहीं उत्तरें दप्तरांत लिहिलेलीं असतात. कांहीं शिवारांत उभीं असतात. कांहीं रोजच्या व्यवहारांत घडून विसरलीं जातात. आणि कांहीं केवळ माणसाच्या मनांत असतात. दप्तरांतलें उत्तर उतरून घ्यावें, शिवारांतलें मोजावें, व्यवहारांतलें घडतें त्या दिवशीं टिपावें, आणि मनांतलें तेवढें विचारावें. एकाच्या जागीं दुसरी रीत लावली कीं पाहणी बिघडलीच म्हणून समजावें. आतां या चारही ठावांचा क्रमानें विचार करूं.

दप्तरांतलें उत्तर

जमीन किती व कोणाच्या नांवें, कर्जाची बाकी किती, कारखान्यास ऊंस किती गेला, बाजार समितींत माल कोणत्या भावानें विकला गेला, हीं उत्तरें अगोदरच कोठें तरी लिहिलेलीं असतात. तीं सभासदास पुन्हां विचारणें म्हणजे त्याचा वेळ घेऊन वर चूक पत्करणें होय. दप्तराचा उपयोग किती दूरवर पोंचतो याचें उत्तम उदाहरण आपल्याच मुलखांतलें आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी केली. ती १९१७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. जुन्या नोंदींचा आधार घेऊन त्यांनीं दाखविलें कीं, १७७१ सालीं तेथील खातें सरासरीनें ४० एकरांचें होतें, तें १९१४-१५ सालीं ७ एकरांवर आलें होतें. जवळजवळ दीडशें वर्षांतला हा फरक कोणा म्हाताऱ्याच्या स्मरणांत सांपडला नसता. तो दप्तरांतच सांपडावयाचा. पुढें १९४७ सालीं मुंबई इलाख्यांत जमिनीचे तुकडे पाडण्यास बंदी करणारा व तुकड्यांच्या एकत्रीकरणाचा कायदा झाला. त्याच्या मागें ज्या वादाची परंपरा होती, तींत या पाहणीचा आधार वारंवार घेतला जात असे. ज्या शेतांचें हें वर्णन, त्यांच्या जागीं आज पिंपरी-चिंचवड शहराच्या इमारती उभ्या आहेत.

परंतु दप्तरास जें माहीत नाहीं तें तें सांगूं शकत नाहीं. सातबाऱ्यावर मालकाचें नांव असतें. जमीन कसणाऱ्याचें असेलच असें नाहीं. तोंडी बटई, भावाभावांत झालेली पण न नोंदलेली वांटणी, सावकाराचें हातउसनें, यांचा पत्ता दप्तरास नसतो. १९७०-७१ पासून देशांत शेतीगणना होऊं लागली. ज्या राज्यांत जमिनीचीं दप्तरें नीट ठेवलेलीं आहेत तेथें ती मुख्यतः त्यांवरूनच केली जाते, आणि आपलें राज्य त्यांपैकीं आहे. अशा गणनेंत खात्यांची संख्या विश्वासानें घ्यावी. पण खरोखर कसणारे किती, या प्रश्नासाठीं वेगळी चौकशी करावी. तसेंच १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाइल फोनवरून पिकाची नोंद छायाचित्रासह करावयाची, अशी ही योजना आहे. तिच्यामुळें दप्तर ताजें राहण्याची सोय झाली हें खरें. परंतु नोंद करण्याचा आळस झाला तर दप्तर पुन्हां जुन्यासारखेंच होणार. दप्तर हातीं घेतांना तें कोणीं, केव्हां आणि कशासाठीं लिहिलें, एवढें पाहिल्यावांचून त्यांतील आंकडा उतरून घेऊं नये.

शिवारांतलें उत्तर

पीक किती आलें, हें उत्तर शेतांत असतें. पूर्वीं तें आणेवारीनें काढीत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक असें धरून, यंदाचें पीक किती आणे आहे हें पाहणाऱ्यानें बांधावर उभें राहून सांगावयाचें. येथें दोन अडचणी होत्या. पूर्ण पीक कशास म्हणावें हें प्रत्येकाच्या डोळ्यांत निरनिराळें असे. आणि सारा तहकूब किंवा माफ होणें आणेवारीवर अवलंबून असल्यामुळें सांगणाऱ्याचा ओढा कमी सांगण्याकडे, तर ऐकणाऱ्याचा अधिक धरण्याकडे असे. ज्या उत्तरावर दोन पक्षांचा पैसा अवलंबून आहे, तें उत्तर नजरेवर सोपविणें कोणाच्याच हिताचें नव्हे.

म्हणून पीक कापून तोलण्याची रीत आली. बिहार-ओरिसा प्रांतांत हबॅक नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें १९२३ ते १९२५ या सालांत, चिठ्या टाकाव्यात तशा निवडीनें भाताच्या शेतांतील लहान लहान तुकडे कापून उत्पन्नाचा अंदाज काढला. पुढें बंगालमध्यें प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं तागाच्या व भाताच्या मोठ्या पाहण्या केल्या. आपल्या सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनीं शेतकी संशोधनाच्या मध्यवर्ती कौन्सिलांत राहून गहूं व भात यांच्या पीककापणीची पद्धति देशभर नेली. कापसासाठीं डॉ. वि. गो. पानसे यांनीं तसेंच काम केलें.

या काळांत एक महत्त्वाचा वाद झाला. तुकडा लहान घ्यावा कीं मोठा ? लहान तुकडा कापण्यास खर्च थोडा लागतो आणि पुष्कळ ठिकाणीं कापतां येतो. परंतु सुखात्मे यांनीं एकाच शेतांत लहान-मोठे तुकडे कापून पाहिले, तेव्हां अगदीं लहान तुकड्यांवरून उत्पन्न खऱ्याहून पुष्कळच अधिक निघतें असें आढळलें. याचें कारण शेतकऱ्यास सहज समजेल. २ फूट त्रिज्येचें वर्तुळ घेतलें तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें १२½ चौरस फूट आणि परीघही सुमारें १२½ फूट. म्हणजे दर चौरस फुटास १ फूट कड आली. उलट ३३ फूट लांब व १६½ फूट रुंद चौकट घेतली तर क्षेत्रफळ ५४४½ चौरस फूट, म्हणजे बरोबर एकराचा ऐंशीवा भाग, आणि कड ९९ फूट. दर चौरस फुटास सुमारें सव्वादोन इंचच कड. कडेवरचें ताट आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न आला कीं कापणाऱ्याचा हात तें आंत घेण्याकडे वळतो. कड जितकी अधिक तितकी ही चूक अधिक. कापणारा लबाड असतो असें नव्हे. चौकटच त्याला चुकविते.

हल्लीं बहुतेक धान्यपिकांसाठीं १० मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे ५० चौरस मीटरांची चौकट घेतात. तींत १० किलो वाळलेलें धान्य निघालें तर हेक्टरी २० क्विंटल पीक झालें, हा हिशेब कोणासही तोंडीं करतां येतो. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंत नुकसानभरपाईचा हिशेब अशाच कापणीवर बसविण्यांत आला. तेव्हां कापणीच्या वेळीं सभासदांनीं हजर राहावें, आणि तीन गोष्टींवर लक्ष ठेवावें: चौकटीची जागा नियमानें ठरली कीं कोणाच्या नजरेस भरली म्हणून घेतली, दोरी ताणून काटकोन धरला कीं नाहीं, आणि ओलें धान्य तोलून तोच आंकडा वाळल्या धान्याचा म्हणून तर लिहिला नाहीं. तीन्हींतली एक गोष्ट चुकली तरी साऱ्या मंडळाचा आंकडा चुकतो.

रोजच्या व्यवहारांतलें उत्तर

पिकास खर्च किती आला, हा प्रश्न विचारण्यास सर्वांत सोपा आणि उत्तर देण्यास सर्वांत कठीण. बीं, विकत आणलेलें खत, औषध, रोखीनें दिलेली मजुरी, हीं शेतकऱ्याच्या ध्यानांत राहतात, कारण तीं देतांना खिशांतून पैसा जातो. परंतु घरच्या बायकांनीं किती दिवस खुरपणी केली, मुलानें रात्रीचें पाणी किती वेळां दिलें, घरचे बैल किती दिवस राबले, उकिरड्यांतलें शेणखत किती गाड्या पडलें, हें हंगामाच्या अखेरीस कोणास सांगतां येईल ? जें सांगतां येत नाहीं तें हिशेबांतून गळतें, आणि खर्च आहे त्याहून कमी दिसतो. हमीभावाची मागणी ज्या आंकड्यावर उभी करावयाची, त्याच आंकड्यांतून घरच्या बायकांचे श्रम गळून जावेत, यासारखा तोटा दुसरा नाहीं.

१९५४-५५ पासून तीन वर्षें अहमदनगर व नाशिक या जिल्ह्यांत शेतीव्यवहाराची जी पाहणी झाली, तींत दोन रीती शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या होत्या. एका रीतींत गांवांत राहणारा कारकून निवडक शेतकऱ्यांचा जमाखर्च व श्रम वरचेवर टिपून घेई. दुसरींत ठराविक मुदतीनें येऊन प्रश्न विचारीत. पहिली बारकाव्यास चांगली, पण खर्चाची. दुसरींत थोड्या खर्चांत पुष्कळ शेतकरी येतात, पण भार स्मरणावर पडतो. १९७०-७१ पासून पिकांचा उत्पादनखर्च काढण्याची जी देशव्यापी योजना चालू झाली, तिनें रोजच्या नोंदीची रीत स्वीकारली. निवडलेल्या गांवांच्या प्रत्येक गटांत लहानांपासून मोठ्यांपर्यंत खात्यांचे पांच वर्ग पाडून, प्रत्येक वर्गांतून दोन अशीं दहा खातीं घ्यावयाचीं, असा तिचा क्रम आहे. आपल्या राज्यांत हें काम राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ करतें.

ज्या संघास इतका खर्च झेपत नाहीं त्यानें काय करावें ? त्यानें प्रश्नाचे भाग पाडावेत. पावतीचा खर्च हंगामाच्या अखेरीस एकदांच उतरून घ्यावा. पण घरचे श्रम व पाण्याच्या पाळ्या यांसाठीं थोड्याच घरीं भिंतीवर एक तक्ता लावून शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून रोज खुणा करून घ्याव्यात. राष्ट्रीय नमुना पाहणीनें शेतकरी कुटुंबांची स्थिति पाहिली तेव्हां एकाच घरीं वर्षांतून दोन वेळां जाण्याची पद्धति ठेवली. खरीप आणि रब्बी हे दोन्ही हंगाम एकाच भेटींत विचारले तर आधींचा हंगाम धूसर होतो, हेंच त्यामागचें कारण होय.

स्मरणाची मुदत किती धरावी याचाही परिणाम मोठा होतो. १९९४ ते १९९८ च्या दरम्यान राष्ट्रीय नमुना पाहणीनें घरखर्चाच्या प्रश्नांची एक चाचणी केली. कांहीं घरीं खाण्यापिण्याचा खर्च मागील ३० दिवसांचा विचारला, दुसऱ्या कांहीं घरीं मागील ७ दिवसांचा. सात दिवसांच्या प्रश्नावरून निघालेला खर्च स्पष्टपणें अधिक होता. पुढें १९९९-२००० सालीं दोन्ही मुदती एकाच घरीं, एकाच कागदावर विचारल्या. तेव्हां एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली. त्या वर्षाची मागील वर्षांशीं तुलना करणें अवघड झालें, आणि देशांतील दारिद्र्य किती घटलें याविषयींचा वाद पुष्कळ वर्षें चालला. यापासून संघांनीं एक गोष्ट शिकावी: ज्या आंकड्याची दरसाल तुलना करावयाची आहे, त्याची रीत मध्येंच बदलूं नये, बदलावीच लागली तर एक वर्ष जुनी व नवी या दोन्ही रीती वेगवेगळ्या घरीं चालवाव्यात.

मनांतलें उत्तर

सभासद संघाकडून कर्ज कां घेत नाहीं, नवें वाण त्याला कां आवडलें नाहीं, पुढच्या वर्षीं तो द्राक्षाची बाग काढणार आहे काय, हीं उत्तरें त्याच्या मनावांचून अन्यत्र कोठेंही नाहींत. तीं विचारलींच पाहिजेत. परंतु येथें कोणीं विचारावें, कोठें विचारावें आणि कोणत्या शब्दांत विचारावें, या तीन गोष्टींवर उत्तराचा खरेपणा अवलंबून असतो.

चावडीवर दहाजणांत विचारलें तर गांवांतला वजनदार मनुष्य पहिल्यानें बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. गांवाचा पाणवठा, रस्ता, चराऊ रान अशा सामाईक गोष्टींसाठीं अशी बैठक चांगली, कारण एकाची चूक दुसरा सुधारतो. परंतु कर्ज, घरांतला तंटा किंवा संघाविषयींची तक्रार बैठकींत कोणी बोलून दाखविणार नाहीं. तीं घरीं जाऊन, एकट्यास विचारावींत. आणि विचारणारा संघाचा वसुली कारकून असूं नये. ज्याच्या हातीं पुढचें कर्ज मंजूर करणें आहे, त्याला "सावकाराचें देणें किती ?" याचें खरें उत्तर मिळेल अशी आशा धरणें भोळेपणाचें होय.

टपालानें प्रश्न पाठविणें स्वस्त पडतें, आणि फोनवरून विचारणें त्याहून सोपें झालें आहे. मोजके, सोपे आणि ताबडतोब उत्तर देण्याजोगे प्रश्न असतील तर या रीती वापराव्यात. बाजारांत आज कांदा किती गेला, पेरणी झाली कीं नाहीं, यांसाठीं फोनसारखें साधन नाहीं. पण फोन घरांतील पुरुषाच्या खिशांत असतो. दुभत्या जनावरांचें, परसांतल्या भाजीचें किंवा खुरपणीचें उत्तर ज्या बाईपाशीं आहे तिच्यापर्यंत तो पोंचतोच असें नाहीं. शब्दांचेंही तसेंच. "आपण सुधारलेलें बियाणें वापरतां ना ?" असें विचारलें कीं नाहीं म्हणावयास भीड पडते. "यंदा बाजरीचें बीं कोठून आणलें ?" असें विचारावें, म्हणजे खरें काय तें आपोआप बाहेर येतें.

किती जणांस, आणि कोणत्या ?

पुष्कळांस विचारलें म्हणजे उत्तर खरें येतें, अशी एक समजूत आहे. तिचा फोलपणा १९३६ सालीं अमेरिकेंत जगजाहीर झाला. तेथील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें अध्यक्षाच्या निवडणुकीविषयीं सुमारें एक कोटि लोकांस पत्रें धाडलीं; वीस लाखांहून अधिक उत्तरें आलीं; आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असें भाकीत केलें. प्रत्यक्षांत ४८ पैकीं ४६ संस्थानांत रूझव्हेल्ट यांचा जय झाला. पत्रें पाठविण्यासाठीं नांवें घेतलीं होतीं तीं टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांतून, म्हणजे त्या मंदीच्या काळांत सुखवस्तु असलेल्यांचीं. आणि त्यांतूनही उत्तर देण्याची हौस होती त्यांनींच उत्तर दिलें. आमच्या कांद्याच्या पत्रकांत झालें तेंच येथें मोठ्या प्रमाणावर झालें.

यास उपाय एकच. प्रथम सर्व सभासदांची पुरी यादी करावी. लहान-मोठे, बागाईत-जिराईत असे वर्ग पाडावेत. प्रत्येक वर्गांतून चिठ्या टाकून नांवें काढावींत. आणि ज्यांचीं नांवें निघालीं त्यांजकडे, ते कचेरींत येवोत वा न येवोत, आपण जावें. घरीं नाहीं म्हणून शेजाऱ्यास विचारून येणें हा मोठा दोष आहे; पुन्हां जावें. अशीं थोडीं घरें, आपखुशीनें आलेल्या शेंकडों पत्रकांपेक्षां अधिक खरें सांगतात.

पुन्हां कांद्याची चाळ

वरील विचार झाल्यावर आमच्या संघानें तीच पाहणी दुसऱ्यानें केली. उत्तराचा ठाव चाळींत आहे हें ओळखून प्रश्नपत्रिका बाजूस ठेविली. कांदा लावणाऱ्या सभासदांची यादी केली. पक्की चाळ, कच्ची चाळ आणि नुसता ढीग असे तीन वर्ग पाडून चिठ्यांनीं नांवें काढलीं. प्रत्येक ठिकाणीं कांदा भरतेवेळीं जाळीच्या तीन गोण्या तोलून, रंगीत फीत बांधून, एक तळाशीं, एक मध्यें व एक वर अशा ठेविल्या. दर पंधरवड्यास संघाचा मनुष्य तराजू घेऊन जाई. गोणी सोडून निरोगी, कोंब आलेला आणि सडका असा कांदा वेगळा करून तोली, व सडका काढून गोणी पुन्हां जागीं ठेवी. एक अडचण पहिल्याच दिवशीं आली. पाहणी होणार म्हणून सभासद गोणींत निवडक, घट्ट मानेचा कांदा घालूं लागले. तेव्हां चाळींत जाणारी दर पांचवी पाटी गोणींत ओतावी, असा नियम केला.

अशा रीतीनें जें निघालें तें मागील आंकड्याहून पुष्कळ वेगळें होतें. सभासदांनीं कधींच न सांगितलेली वजनाची घट मोठी निघाली, आणि नुसत्या ढिगांतली सड पक्क्या चाळीहून कितीतरी अधिक दिसली. तो कागद पुढें ठेवल्यावर कार्यकारी मंडळांत वाद उरला नाहीं. लहान खातेदारांस चाळीसाठीं कर्ज देण्याचा ठराव झाला. हा ठराव दोन वर्षें आधीं व्हावयास पाहिजे होता, याची खंत मात्र आम्हांस आहे.

ठराव करण्यापूर्वीं

तात्पर्य, पाहणीचा ठराव मांडणाऱ्यानें पुढील पांच प्रश्नांचीं उत्तरें सभेपुढें ठेवावींत, असें आम्ही सुचवितों.

१. या पाहणीवरून आपण कोणता निर्णय घेणार आहों ? निर्णयच घ्यावयाचा नसेल तर पाहणी करूं नये.

२. उत्तराचा ठाव कोठें आहे: दप्तरांत, शिवारांत, रोजच्या व्यवहारांत, कीं मनांत ? एकाहून अधिक ठाव असतील तर रीतीही अधिक घ्याव्यात.

३. उत्तर देणाऱ्यास कमी किंवा अधिक सांगण्यांत लाभ आहे काय ? असल्यास विचारण्यावर भिस्त न ठेवतां मोजावें.

४. कोणाचें उत्तर आपल्यापर्यंत आपण होऊन येणार नाहीं ? त्याच्याकडे जाण्याची तजवीज काय ?

५. जवळ असलेल्या पैशांत व दिवसांत किती घरीं नीट काम होईल ? तेवढींच घरें घ्यावींत. आणि आरंभीं पांचसहा घरीं करून पाहून, जो प्रश्न अडेल तो सुधारावा.

शेतकरी बीं निवडतांना जमीन पाहतो, पाणी पाहतो, हंगाम पाहतो. शेजाऱ्यानें पेरलें म्हणून पेरीत नाहीं. पाहणीची रीत निवडतांनाही तीच सावधगिरी ठेवली तर आपल्या संघांचे अहवाल सरकार-दरबारीं व बाजारांत वजनानें बोलतील. ज्या वाचकांनीं आपल्या गांवीं साठवणीची, खर्चाची वा उत्पन्नाची अशी मोजणी केली असेल, त्यांनीं केलेली रीत व तींत आलेल्या अडचणी आम्हांस अवश्य लिहून कळवाव्यात. यशापेक्षां अडचणींची हकीकत इतर संघांच्या अधिक उपयोगी पडेल.